तारखेचं भिंग, चुकीची काच: एक प्रकरण अभ्यास

घड्याळ जपानी ऑटोमॅटिक, स्टीलचं, वार आणि तारीख तीनच्या जागी. मालक औसा तालुक्यातल्या एका गावचे नाना, वय पंच्याहत्तरच्या पुढं, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. धाकट्या भावानं १९८० च्या दशकात कुवेतहून हे घड्याळ आणून दिलेलं. आपल्याकडं त्या काळी घड्याळ म्हणजे बहुतेक एचएमटीचं. सिटिझनच्या सहकार्यानं १९६१ पासून बंगळुरूत घड्याळं करणारी सरकारी कंपनी. तिची जनता किंवा पायलट रोज चावी भरायची घड्याळं, प्लॅस्टिकच्या काचेची. त्यामुळं आखातातून आलेलं, हात हलला की आपोआप भरणारं, वार-तारीख दाखवणारं घड्याळ मनगटावर असणं ही गावात मोठी गोष्ट होती. लातूर, नांदेड, परभणी या भागात अशी घड्याळं अजून चालू आहेत आणि लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या आसपासच्या दुकानांत दुरुस्तीला येत असतात.

माझ्या दुरुस्तीच्या दुकानात बोलणं सगळं नानांच्या मुलाचं. कागदाच्या पुडीत काचेवरून गळून पडलेलं, तारीख मोठी दाखवणारं भिंग होतं. "काका, एवढं चिकटवून द्या, आम्ही तोवर आडतीवर जाऊन येतो." नाना स्टुलावर बसून होते. त्यांना वेगळंच सांगायचं होतं. "भिंग होतं तवा बी तारीख नीट दिसंना गेली होती बघा. अन् दिसली तर कालची दिसतीय."

मुलगा म्हणाला, ते मशीन जुनं झालंय, त्याचं नंतर बघू. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते एवढ्यासाठीच. तारीख न दिसणं आणि तारीख चुकणं या दोन तक्रारींचं मूळ एकच निघालं, आणि ते ना भिंगात होतं ना मशीनमध्ये.

डोळ्याला आयग्लास लावल्यावर

पहिली खूण काचेच्या उंचीची. बेझलच्या, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याच्या, कडेपासून काच सव्वा मिलिमीटरच्या आसपास खाली होती, खड्ड्यात बसल्यासारखी. कारखान्यातून निघालेल्या घड्याळात सपाट काच बेझलच्या बरोबरीनं किंवा केसभर वर असते. खोल बसलेली काच दिसली की ती बदललेली आहे असं धरून चालावं. मुलाला विचारलं. त्यानं आठवून सांगितलं की मळणीयंत्रावर काम करताना काच फुटली होती आणि बाजाराच्या दिवशी एका ठिकाणी नवी टाकून घेतली होती. कुठं ते विचारायची गरज नव्हती.

दुसरी खूण पांढुरक्या धुराची. भिंग जिथं होतं त्या चौकोनाभोवती आणि काचेच्या कडेनं आतून पांढरट साय धरलेली. झटपट चिकटणाऱ्या डिंकाची ही ओळख आहे. त्यातलं सायनोअॅक्रिलेट सुकताना वाफ सोडतं आणि ती जवळच्या पृष्ठभागावर हवेतल्या ओलाव्याशी मिळून पांढरी बसते. पोलिसांच्या प्रयोगशाळेत याच वाफेनं बोटांचे ठसे उठवतात. इथंही तेच झालं होतं: काचेच्या आतल्या बाजूला कुणाच्या तरी अंगठ्याच्या रेषा पांढऱ्याशुभ्र उमटल्या होत्या. काच बसवणाऱ्यानं ती हातानं धरली आणि नंतर पुसली नाही, आणि केस, म्हणजे घड्याळाचं कवच, बंद झाल्यावर आत कोंडलेल्या वाफेनं तो ठसा कायमचा केला. नाना दोन वर्षं त्या ठशातून वेळ बघत होते.

तिसरी खूण छोटी, पण प्रकरण तिनंच उलगडलं. काचेच्या आतल्या बाजूला अगदी मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढा घासल्याचा डाग होता. सेकंदकाट्याच्या टोपीची जागा तीच. म्हणजे काच इतकी खाली होती की सेकंदकाट्याचा मधला भाग तिला टेकत होता. सतत टेकत असता तर घड्याळ कायमचंच बंद पडलं असतं. पण घड्याळाच्या प्रत्येक चाकाच्या दांड्याला वर-खाली थोडी मोकळीक ठेवलेली असते. डायल वर असताना दांडा आत बसतो, डायल खाली केली की तेवढाच काचेकडं सरकतो.

नानांना विचारलं, "रात्री घड्याळ कसं ठेवता?"

"पालथं. काचंवर धूळ बसू नये म्हणून."

रात्री पालथं पडलं की सेकंदकाटा काचेला टेकून थांबायचा, सकाळी हातात घातलं की पुन्हा चालू. नाना रेडिओवर वेळ ऐकून काटे जवळच्या बाजूनं, मागं फिरवून जुळवायचे, पण तारीख मागं पडलेली असायची, कारण ती काट्यांनी मध्यरात्र ओलांडली की पलटते आणि काटे ती ओलांडतच नसत. मशीन उघडून दुरुस्त करायचा खर्च नानांना आधी कुणीतरी सांगून ठेवला होता. तो लागणारच नव्हता.

काचा आणि त्यांच्या जाती

मनगटी घड्याळाच्या काचा मुख्यतः तीन प्रकारच्या. पहिली ॲक्रिलिक, म्हणजे आपण जिला प्लॅस्टिकची किंवा फायबरची काच म्हणतो ती. लगेच ओरखडते, पण पॉलिशनं ओरखडा निघतो आणि पडली तर सहसा ठिकऱ्या होत नाहीत. दुसरी मिनरल, खरीखुरी कडक केलेली काच. सेइको आपल्या काचेला हार्डलेक्स म्हणते ती याच कुळातली. तिसरी सफायर, प्रयोगशाळेत वाढवलेला स्फटिक. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स मापात सफायर ९, क्वार्ट्झ ७, मिनरल काच साडेपाच ते सहा, ॲक्रिलिक त्याच्याही बरंच खाली. हे आकडे आपल्याकडं नुसते पुस्तकी नाहीत. मराठवाड्याची काळी माती बेसाल्टची. बेसाल्टच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक सापडतात आणि ते क्वार्ट्झच्या जातीचे. मळणीच्या धुळीत त्यांचे कण असतात आणि मिनरल काचेवर ते ओरखडा पाडू शकतात. म्हणून शेतात वापरायच्या घड्याळाची काच सदरा वर करून पुसू नये, आधी फुंकावी किंवा पाण्याच्या ओल्या फडक्यानं टिपावी. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो आणि बहुतेकजण माझ्यासमोरच सदऱ्यानं पुसतात.

तारखेवरचं भिंग प्रसिद्ध झालं ते रोलेक्समुळं. त्यांचं डेटजस्ट १९४५ चं, त्यावर भिंग आलं १९५० च्या दशकात. ते तारीख अडीच पट मोठी दाखवतं. ॲक्रिलिक काचेत भिंग एकाच तुकड्यात साच्यातून निघायचं, त्यामुळं ते गळून पडायचा प्रश्नच नव्हता. काच कठीण झाली तसं भिंग वेगळं करून वर चिकटवायची पद्धत आली आणि तिच्याबरोबर डिंकाचे प्रश्नही आले.

चिकटवण्याआधी मोजणं

पुडीतलं भिंग ॲसिटोनमध्ये टाकून जुना डिंक काढला. सायनोअॅक्रिलेट ॲसिटोनमध्ये सुटतं आणि खनिज काचेला त्यानं काही होत नाही. हेच भिंग ॲक्रिलिकचं असतं तर ॲसिटोनचा थेंबही चालला नसता, ते विरघळून दुधाळ झालं असतं. काचभिंग आहे की प्लॅस्टिकचं हे कळायला आयग्लासखाली कडा बघाव्या: काचेच्या कडेला बारीक कपच्या उडालेल्या असतात, प्लॅस्टिकच्या कडेला दबल्याच्या खुणा.

मग भिंगाचं नाभीय अंतर. याला प्रयोगशाळा लागत नाही. दुकानाबाहेर उन्हात कागदावर भिंग धरलं, सूर्याचा ठिपका सर्वांत बारीक झाला तेव्हा कागदापासूनचं अंतर मोजलं. ८ मिलिमीटरच्या जवळपास आलं. भिंग एका बाजूनं सपाट, दुसरीकडून फुगीर. असं भिंग वस्तू किती पट मोठी दाखवेल हे दोनच गोष्टींवर ठरतं: नाभीय अंतर आणि भिंगाच्या फुगीर पृष्ठभागापासून तारखेच्या चकतीपर्यंतचं अंतर. नाभीय अंतराला, नाभीय अंतर वजा चकतीचं अंतर, यानं भागलं की पट मिळते. त्यात काचेच्या जाडीतून जाणारं अंतर पूर्ण धरायचं नाही, अपवर्तनांकानं, म्हणजे साधारण दीडानं भागून धरायचं.

आता जुनी काच. जाडी १ मिलिमीटर. तिची खालची बाजू चकतीपासून २.१ मिलिमीटर वर. भिंगाची स्वतःची जाडी ०.८. हिशेबाचं अंतर जेमतेम ३.३ येतं, आणि ८ ला ४.७ नं भागलं की १.७ पट. मूळ काच कशी असेल हे बेझलच्या खोलीवरून आणि आतल्या कडेवरून काढलं: २ मिलिमीटर जाड, आणि खाली ०.५ मिलिमीटरची टेकणी. म्हणजे काचेची खालची बाजू चकतीपासून २.६ वर. तेच गणित केलं तर अंतर ४.४ आणि पट २.२. भिंग तेच, आकडा तोच, पण १.७ आणि २.२ मध्ये मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला जो फरक पडतो तो म्हणजे तारीख वाचता येणं आणि न येणं.

टेकणी कुठं गेली? अशा केसमध्ये काचेभोवती नायलॉनची रिंग असते. काही घड्याळांत ती सरळ, काहींत एल आकाराची, आत वळलेल्या ओठाची. काच त्या ओठावर टेकते. आधीच्या कारागिरानं एल आकाराच्या रिंगेऐवजी सरळ रिंग टाकली होती, बहुधा हाताशी तीच होती. काच अर्धा मिलिमीटर खाली गेली. शिवाय काचेचा व्यास ३०.३ होता. केसच्या खाचेचा व्यास वेगवेगळ्या दिशांनी व्हर्निअरनं मोजला तर ३१.४ भरला, त्यातून रिंगेची दोन्हीकडची ०.४५ जाडी वजा केली की काच ३०.५ ची हवी. दोन दशांश मिलिमीटरनं काच ढिली. ढिली म्हणून कडेनं डिंक, डिंकाची वाफ, वाफेचा धूर. एका रिंगेपायी काच खाली, काटा अडलेला, तारीख मागं, भिंग दुबळं, आणि त्यावर पांढरी साय.

मुलाला हे कागदावर आकृती काढून दाखवलं. तो आडतीवर जायचा थांबला.

काय काय लावता आलं असतं

जुन्याच काचेवर भिंग परत चिकटवणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. तो कारण तसंच ठेवतो, म्हणून सोडला. कंपनीची मूळ काच आता बनत नाही. जुन्या मालात मिळाली तर मिळाली, पण त्या भरवशावर नानांना ताटकळत ठेवण्यात अर्थ नव्हता.

एकसंध भिंगाची ॲक्रिलिक काच मला मनापासून आवडते. पण ती बसते स्वतःच्या कडेच्या ताणावर, पंज्याच्या हत्यारानं आवळून खाचेत सोडायची. ही केस रिंगेत दाबून बसवायच्या सपाट काचेची. जबरदस्तीनं बसवली असती तर पहिल्याच उन्हाळ्यात सुटली असती.

सफायर मुलाला हवी होती. "पैशाचं बघू नका काका." पैशाचा प्रश्न नव्हता. सफायरवर ओरखडा पडत नाही हे खरं, पण मळणीयंत्राचा फटका बसला तर ती मिनरलपेक्षा उलट लवकर तडकते. शिवाय सफायरचा अपवर्तनांक १.७७. त्याच फुगवट्याचं सफायरचं भिंग प्रकाश जास्त वाकवतं आणि नाभीय अंतर कमी होतं. मूळ मिनरल काचेच्या हिशेबानं ठरलेल्या उंचीवर ते लावलं तर पट नको तितकी वाढते आणि मनगट जरा वाकडं झालं की आकडा चौकटीबाहेर पळतो. भाग महागडा आहे एवढ्यावरून तो इथं बरोबर ठरत नाही.

राहिली २ मिलिमीटरची मिनरल काच, ३०.५ व्यासाची, एल आकाराची नवी रिंग आणि वेगळं भिंग. तेच करायचं ठरलं. रिंग आणि काच मागवावी लागली, तोवर घड्याळ काचेशिवाय डबीत.

भिंग रुंद की अरुंद

इथं बापलेकांचं जुळेना. पुडीतलं भिंग फक्त तारखेपुरतं होतं. मुलाच्या आठवणीत मूळ काचेवर वार आणि तारीख दोन्ही झाकणारं रुंद भिंग होतं आणि त्याला घड्याळ होतं तसं हवं होतं. रुंद भिंग माझ्याकडं होतं. पण रुंदी वाढवून जाडी तेवढीच ठेवली की फुगवटा सपाट होतो, नाभीय अंतर वाढतं आणि पट कमी होते. दोन्ही हवं म्हटलं तर भिंग जाड करावं लागतं आणि मग ते बाहीत अडकतं.

अशा वेळी वाद घालण्यापेक्षा दाखवावं. काच बसवून झाल्यावर, डिंक लावायच्या आधी, काचेवर स्वच्छ पाण्याचा बारीक थेंब टाकून त्यावर भिंग ठेवायचं. मधली हवा निघून जाते, भिंग काचेला धरून राहतं आणि चिकटवल्यावर दिसेल जवळपास तसंच दिसतं. पसंत पडलं नाही तर उचलून पुसायचं. दोन्ही भिंगं अशी ठेवून घड्याळ नानांच्या हातात दिलं, चष्मा लावून आणि चष्म्याशिवाय. रुंद भिंगात वार आणि तारीख दोन्ही दिसत होते, पण नाना घड्याळ नाकाजवळ नेत होते. अरुंद भिंगात हात सरळ ठेवूनच त्यांनी आकडा वाचला.

"हेच बसवा मालक. वार सांगायला चौकात माणसं हैत. तारीख कोण सांगतंय?"

मागाहून कळलं की एक गोळी त्यांना एक दिवसाआड घ्यायची असते आणि त्यांनी सम तारखेचा नेम धरलाय. ३१ तारखेच्या महिन्यात तो नेम बिघडतो, ३० नंतर थेट २ तारीख, मध्ये दोन दिवस कोरडे. हे त्यांना सांगितलं आणि डॉक्टरांना विचारा म्हटलं. घड्याळवाल्यानं यापुढं बोलू नये.

प्रत्यक्ष काम

बॅक, म्हणजे मागचं झाकण, उघडून, स्टेमचा, म्हणजे चावीच्या दांड्याचा, खटका दाबून चावी काढली आणि मशीन डायलसकट बाहेर काढून झाकणाखाली ठेवलं. काच बदलताना मशीन आत ठेवणारे आहेत. प्रेसचा दाब आणि काचेची कपची यांतलं एक जरी डायलवर आलं तरी वाचवलेल्या दहा मिनिटांचा हिशेब चुकतो. जुनी काच आतून दाबून काढली. डिंकामुळं ती निघायला कुरकुरली, म्हणून रिकाम्या केसच्या कडेला ॲसिटोन लावून वाट पाहिली. मशीन आत असतं तर हे करता आलं नसतं, डायलवरची छपाई ॲसिटोननं निघून येते.

डायलवर, तारखेच्या खिडकीच्या कडेला पांढरी साय थोडी होती. रोडिको या घड्याळ साफ करायच्या चिकट पुटीच्या मऊ गोळ्यानं टिपून जेवढी आली तेवढी काढली. उरलेली तशीच ठेवली. ती घासून काढायचा मोह कारागिराला होतो आणि डायल तिथंच खराब होते.

खाच लाकडी काडीनं साफ करून रिंग बसवली आणि काच प्रेसखाली घेतली. वरचा डाय काचेच्या कडेलाच टेकणारा, मधून पोकळ असावा. काच तिरकी जात असेल तर दाब वाढवायचा नाही, सोडून परत सरळ करायची. नीट बसली की बोटाला जाणवतं, सगळीकडं एकच उंची. मशीन आत घालण्याआधी सेकंदकाट्याच्या टोपीवर रोडिकोचा कणभर गोळा ठेवला, मग मशीन घालून केस बंद केली आणि परत उघडली. गोळा चपटा झाला नव्हता, म्हणजे मोकळीक पुरेशी.

भिंग आधी काचेला चिकटवून मग काच दाबावी, असं करणारे खूप आहेत. मी उलट क्रम धरतो: आधी काच, मग मशीन, मग भिंग, तारीख डोळ्यांसमोर ठेवून. कारण भिंग चूकही मोठी करून दाखवतं. मध्य ०.४ मिलिमीटरनं चुकला तर २.२ पट करणाऱ्या भिंगात आकडा मध्यापासून जवळजवळ ०.९ मिलिमीटर सरकलेला दिसतो, आणि एकदा का ते नजरेत आलं की माणसाला दुसरं काही दिसत नाही. जुळवताना १ किंवा ७ वर जुळवू नये, एकेरी आकडा फसवतो. २८ सारखा दोन्ही खाने भरणारा आकडा आणावा, मग सगळ्या तारखा फिरवून बघाव्या. चकतीवरची छपाईसुद्धा थोडी इकडंतिकडं असते, त्यामुळं सर्वांत जास्त तारखांना जमेल ती जागा धरायची. तारीख फिरवताना काटे सहाच्या आसपास ठेवावेत. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान बहुतेक घड्याळांत तारखेचा दात गुंतलेला असतो आणि जोर केला की तुटतो.

डिंक अतिनील किरणांनी घट्ट होणारा, पारदर्शक. काच आणि भिंग दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून कोरडे केले. थेंब टाचणीच्या डोक्याएवढा, भिंगाच्या मध्यावर. भिंग एका कडेनं टेकवून हळूहळू आडवं सोडलं की बुडबुडा राहत नाही. हे काम दारातल्या टेबलावर करायचं नाही. लातूरच्या उन्हात अतिनील किरण इतके असतात की जुळवाजुळव होईपर्यंत डिंक धरायला लागतो. आतल्या अंगाला, ट्यूबलाइटखाली निवांत जुळवलं, दिव्याची दोन-तीन सेकंदं देऊन फक्त धरेल इतकं केलं, पुन्हा तारखा फिरवल्या, कडेचा जादा डिंक टिपला आणि मग पूर्ण दिवा दिला.

त्यानंतर

घड्याळ रात्रभर पालथं ठेवलं, मग उताणं, मग चावी खाली करून उभं. कुठंच थांबलं नाही. पट तपासायला फोननं सरळ वरून फोटो काढला आणि भिंगातल्या आकड्याची रुंदी आधी भिंगाशिवाय काढलेल्या फोटोशी ताडून पाहिली. सव्वादोनच्या जरा खाली, म्हणजे कागदावरच्या हिशेबाला धरून.

काच, रिंग, डिंक, मजुरी मिळून साडेपाचशे रुपये झाले. भिंग त्यांचंच. पाण्याची हमी दिली नाही. काच नवी असली तरी चावीचं आणि बॅकचं रबर जुनं आहे, हे पावतीवरच लिहून दिलं.

दोन गोष्टी मुलाला वेगळ्या सांगाव्या लागल्या. ऑटोमॅटिक घड्याळ हातातून काढून ठेवलं तर पूर्ण भरलेलं असताना साधारण चाळीस तास चालतं. नाना आजारी पडून अंथरुणात राहिले तर ते थांबणार, तो बिघाड नव्हे. आणि या घड्याळाला महिन्याचे दिवस कळत नाहीत. ते दर महिना ३१ चाच धरतं. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपले की तारीख हातानं पुढं करावी लागते. चावी पहिल्या खटक्यावर ओढून फिरवायची. नानांच्या बोटांना तो खटका आता सापडत नाही, म्हणून ते काम मुलाकडं आहे. त्यानं फोनमध्ये पाच महिन्यांचे गजर लावून घेतले.